सपोर्ट कोण घेणार?

रात्रीचे साडेअकरा. हॉस्टेलचं वायफाय नेमकं आजच चांगलं चालतंय. चौघं कॉलवर, गेमची लॉबी उघडी आणि नेहमीची घाई सुरू. ‘मी टँक.’ ‘मी डॅमेज.’ ‘मीपण डॅमेज, तुला काय करायचंय ते कर.’ मग दोन सेकंद शांतता. आणि मग तो प्रश्न, जो तुमच्या ग्रुपमध्येही रोज विचारला जात असणार : ‘अरे, सपोर्ट कोण घेणार?’

सपोर्ट म्हणजे हीलर. म्हणजे आपण शत्रू मारायचे नाहीत, मारणाऱ्यांना जिवंत ठेवायचं. मॅच जिंकली तर हायलाइट डॅमेजवाल्याचा येतो. हरली तर शिवी हीलरला बसते. आमच्या ग्रुपमध्ये हे काम गेली दोन वर्षं एकच जण करतो. तो अक्कलकुवा तालुक्यातला, मोलगीच्या पलीकडचा. (नाव देऊ नको म्हणालाय, म्हणून देत नाही.) तो कधी वाद घालत नाही. ‘द्या मला’ म्हणतो आणि घेतो.

हा लेख गेममधल्या त्रिकुटांवर आहे. तो लिहायला मी बसले तेव्हा फॅन्टसी गेम्सच्या पलीकडे जायचा माझा काही विचार नव्हता. पण तिकुटातल्या तिसऱ्याचा माग काढत गेले आणि पोहोचले थेट काठीच्या होळीला. कशी, ते सांगते.

तीनच का?

तुम्ही खेळलेले फॅन्टसी गेम आठवा. योद्धा, जादूगार आणि तिसरा कुणीतरी. ‘डायब्लो’च्या पहिल्या भागात निवडायला तीनच नायक होते : वॉरियर, रोग आणि सॉर्सरर. ‘झेल्डा’मध्ये तर हे तिकूट थेट देवांपर्यंत पोहोचतं. १९९८च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये तीन देवी जग घडवतात आणि मागे तीन सोनेरी त्रिकोण ठेवून जातात : शक्ती, शहाणपण आणि धैर्य. शक्ती खलनायक गॅनॉनडॉर्फकडे जाते, शहाणपण राजकन्या झेल्डाकडे आणि धैर्य आपल्याकडे, म्हणजे लिंककडे. ‘पोकेमॉन’ सुरू करताना तुमच्यासमोर तीन पर्याय ठेवले जायचे : आग, पाणी, गवत. त्यात कोणता घ्यायचा यावरून शाळेत भांडणं झाली नसतील, तर तुमचं बालपण फारच शांत गेलं म्हणायचं.

यामागे एक साधं गणित आहे. दोनच बाजू असतील तर एक वरचढ ठरते आणि खेळ संपतो. तीन असल्या की चक्र तयार करता येतं. आग गवताला जाळते, गवत पाणी शोषतं, पाणी आग विझवतं. कुणीच कायमचा वर नाही, कुणीच कायमचा खाली नाही. आपला दगड-कागद-कात्री हेच करतो. डिझायनरला समतोल साधायला लागणारी सगळ्यात छोटी संख्या तीन. आणि नव्या खेळाडूच्याही तीन गोष्टी पटकन लक्षात राहतात.

या सगळ्याची पाळंमुळं एका टेबलावरच्या खेळात आहेत. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. कागद, पेन्सिल, फासे आणि गप्पा, एवढंच सामान. त्यात पात्रांचे तीन वर्ग होते : लढणारा, जादू करणारा आणि क्लेरिक, म्हणजे देवाचं नाव घेऊन जखमा बऱ्या करणारा. पुढच्याच वर्षी आलेल्या पुरवणीत चोर दाखल झाला. तेव्हापासून आजपर्यंत बहुतेक फॅन्टसी गेम हेच पत्ते पिसत आलेत.

पुढे इंटरनेटवर एकत्र खेळायचे मोठे गेम आले, १९९९चा ‘एव्हरक्वेस्ट’, २००४चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. तिथे पात्रांपेक्षा कामांचं तिकूट पक्कं झालं. राक्षसाचा राग स्वतःवर ओढून घेणारा टँक, मागून मारा करणारा डॅमेज आणि दोघांना जगवणारा हीलर. गेमर मंडळी याला ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. टँक नसेल तर राक्षस हीलरवर धावतो. हीलर नसेल तर टँक अर्ध्या मिनिटात आडवा. डॅमेज नसेल तर लढाई संपतच नाही. कागदावर तिघं अगदी सारखे.

कागदावर.

तिसऱ्याची रांग रिकामी

‘ओव्हरवॉच’ २०१६ मध्ये आला. त्यातही टँक, डॅमेज आणि सपोर्ट हीच विभागणी. पण सगळ्यांना डॅमेजच हवा. टीममध्ये सहा जण आणि चौघं मारायला निघालेले, असं इतक्यांदा व्हायला लागलं की २०१९ मध्ये कंपनीने नियमच केला : दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट. खेळायच्या आधी भूमिका निवडा आणि तिच्या रांगेत थांबा. मग काय, डॅमेजच्या रांगेत बराच वेळ ताटकळायचं. सपोर्टवाल्याला मात्र मॅच पटकन मिळायची, कारण रांगेत माणसंच कमी!

उलट प्रयोगही झाला. २०१२ मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स २’ने ठरलेला हीलर काढून टाकला. प्रत्येकाने आपापली जखम बघायची. काही वर्षं ते चाललंही. पण २०१५ मध्ये त्या गेममध्ये दहा-दहा जणांनी मिळून करायच्या मोठ्या लढाया आल्या आणि इतरांना बरं करणारी भूमिका परत आली. कुणालाच नको असलेला तिसरा, पण त्याच्याशिवाय चालतही नाही.

आमच्या मास कॉमच्या अभ्यासात झॉर्झ द्युमेझील या फ्रेंच अभ्यासकाचं नाव येतं. त्यांची एक प्रसिद्ध मांडणी आहे, जिच्यावर नंतर बरेच वादही झाले. भारतापासून युरोपपर्यंतच्या जुन्या पुराणकथांमध्ये त्यांना तीन कामांचं तिकूट दिसलं. एक, धर्म आणि सत्ता सांभाळणारे. दोन, लढणारे. आणि तीन, पिकवणारे, म्हणजे अन्न, गुरं, सुबत्ता देणारे.

आता हे तिकूट आपल्या गेमशेजारी ठेवून बघा. लढणारा आहे. मंत्र म्हणणाराही आहे. पिकवणारा कुठे आहे? त्याच्या जागी चोर आला! अख्खी फौज महिनोन् महिने राक्षसाच्या गुहेत हिंडते आणि तिला जेवायला कोण घालतं हा प्रश्नच येत नाही. अन्न म्हणजे बॅगेतली एक वस्तू. क्लिक केलं की आरोग्याची पट्टी वर सरकते. भाकरी कुणी थापली, धान्य कुठून आलं, काही नाही. गेमच्या पुराणात तिसऱ्याचं एवढंच उरलंय : मागे उभं राहा आणि बाकीच्यांची पट्टी भरत राहा.

हे सगळं मी आमच्या सपोर्टवाल्या मित्राला मोठ्या उत्साहात ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आमच्याकडे ये होळीला.’

तो फोटो

इथे मला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास तो आठवडाभर कॉलेजला आला नव्हता. त्यात एक अंतर्गत परीक्षा बुडली. रजेच्या अर्जात त्याने कारण लिहिलं ‘तब्येत’. मग कुणीतरी ग्रुपवर त्याचा एक फोटो टाकला. उघड्या अंगावर राखेची ठिपक्याठिपक्यांची नक्षी, कमरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. ओळखूच येत नव्हता. आणि मी, पत्रकार होऊ घातलेली, खाली लिहिलं, ‘काय भारी स्किन आहे रे! किती डायमंडला घेतलीस?’

सत्तावीस हसऱ्या इमोजी आल्या. त्याचा एकही नव्हता.

गेम खेळणाऱ्यांना स्किन म्हणजे काय ते सांगायला नको. पात्राचे कपडे बदलायचे, पैसे भरायचे, ताकद तीच. तो फोटो बघून मला तेवढंच सुचलं होतं.

काठी

या वर्षी आम्ही तिघं गेलो. अक्कलकुवा सोडलं की देवगोईचा घाट लागतो आणि सातपुडा अंगावर येतो. मोलगी ओलांडून पुढे काठी. इंग्रजांच्या काळात खान्देशात भिल्ल प्रमुखांची छोटी संस्थानं होती, त्यांना मेवासी इस्टेटी म्हणत. काठी त्यांतलं एक. म्हणून इथली होळी ‘राजवाडी होळी’. ही परंपरा १२४६ पासूनची आहे असं इथे सांगितलं जातं. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, म्हणजे जिल्हा आपल्यापेक्षा थोडासाच मोठा आणि होळी त्याच्यापेक्षा कितीतरी शतकांनी!

होळीच्या आधीच्या आठवड्यात या भागात भोंगऱ्या बाजार भरतात. गूळ, डाळ्या, साखरेचे हार-कंगण, ढोल, बासऱ्या. इथली पुष्कळ माणसं मजुरीसाठी गुजरातेत जातात. दिवाळीला नाही आली तरी होळीला परततात. आमच्या जीपमध्ये दोन कुटुंबं थेट कामावरून आलेली होती, मांडीवर पोरं आणि पायाशी पिशव्या.

होळीच्या दांड्यासाठी उंच, सरळ बांबू लागतो. साधारण सत्तर फुटांचा. तो जंगलातून वाजतगाजत आणतात. त्याच्यासाठी खड्डा खणतात तोही हत्यार न वापरता, हातांनी. रात्रभर ढोल वाजतात, गावोगावचे जथे येत राहतात, फेर धरतात. आणि होळी पेटते ती पहाटे. मी आयुष्यात एवढ्या माणसांना रात्रभर जागं राहून कशाची तरी वाट बघताना पाहिलं नव्हतं. नव्या गेमच्या लाँचलासुद्धा नाही.

आणि पात्रं! डोक्यात तिकूट घेऊन गेलेली मी, वहीत तीन रकाने आखून तयार होते. बुध्या, बावा, काली... तीन झाले म्हणून खूश झाले, तर मित्र म्हणाला, मोरखी राहिला. मग धानका डोको. तीनाचे पाच झाले. कुणी कसं सजायचं, कुणी काय धरायचं, सगळं ठरलेलं. माझे रकाने पुरले नाहीत. बरंच झालं. तीन हा आकडा डिझायनरच्या सोयीचा आहे, लोकांच्या कथेला त्याची सक्ती नसते.

पण खरी गोष्ट आकड्यात नव्हतीच.

पालनी

बुध्या कुणीही उठून होत नाही. त्याआधी पालनी पाळावी लागते. म्हणजे व्रत. होळीच्या आधी काही दिवस सुरू होतं. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं. ब्रह्मचर्य पाळायचं. खाण्यापिण्याचे नियम. मगच अंगावर राख चढते, मगच कमरेला घुंगरू. आणि हे कशासाठी? तर बहुतेकदा नवस असतो. घरात कुणी आजारी होतं, ते उठलं. पाऊस नीट पडावा, पीक यावं, गुरं-माणसं सुखी राहावीत. स्वतःसाठी पदक मिळवायचं म्हणून कुणी बुध्या होत नाही.

मित्राने गेल्या वर्षी पालनी धरली होती ती त्याच्या धाकट्या बहिणीसाठी. पावसाळ्यात ती फार आजारी होती. दोन महिने घर नीट जेवलं नव्हतं. हे त्याने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? आम्ही फोटोखाली डायमंडचा भाव विचारत होतो.

‘अर्जात तब्येत का लिहिलंस?’ मी विचारलं.

‘पालनी लिहिलं असतं तर तुमच्यासारखंच कुणीतरी हसलं असतं,’ तो म्हणाला. ‘आणि खोटं कुठे लिहिलं? तब्येतच होती. माझी नव्हती एवढंच.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

गेममध्ये भूमिका आपण बटण दाबून घेतो आणि कंटाळा आला की बदलतो. त्यात वाईट काही नाही, खेळाची मजाच ती आहे. पण पालनीत ती आधी दिवसेंदिवस अंगावर घ्यावी लागते आणि मग रात्रभर नाचवावी लागते. पहाटे होळीच्या उजेडात ते सगळे बुध्या फिरताना पाहिले तेव्हा ‘स्किन’ हा शब्द मला स्वतःलाच टोचला.

कोठी उघडणारी

आता तिकुटाकडे परत येते, कारण ते शेवटी सापडलंच, फक्त माझ्या रकान्यांत नाही.

सातपुड्याच्या या पट्ट्यात पूजेला बसल्यावर तीन नावं पुष्कळदा एकत्र येतात : राजा पांठा, गांडा ठाकूर आणि याहामोगी. काही ठिकाणी विनादेवाचंही नाव येतं, मग तीनाचे चार होतात. कथा तोंडी चालत आलेल्या, त्यामुळे डोंगर बदलला की कथाही वळण घेते. पण याहामोगीचं स्थान सगळीकडे पक्कं. ‘याहा’ म्हणजे आई. तिचं मोठं ठाणं देवमोगरा, आपल्या हद्दीला लागून गुजरातच्या सागबारा तालुक्यात. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, तिन्हीकडून माणसं येतात, डोक्यावर बांबूच्या नव्या टोपल्यांतून तिच्यासाठी धान्य घेऊन.

धान्यच का? कारण सांगितली जाते ती गोष्ट अशी : मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्नाला महाग झाली, तेव्हा याहामोगीने धान्याची कोठी उघडली आणि लोकांना जगवलं.

एवढंच. तिने राक्षस मारला म्हणून ती मोठी नाही. राजा आणि ठाकूर यांच्या शेजारी बसून तिसरी, आणि तरीही सगळ्यांच्या आधी हाक तिला. द्युमेझील यांची मांडणी या डोंगरातल्या परंपरांसाठी नव्हती, ती इथे चिकटवायचीही नाही. पण जी जागा मी गेममध्ये शोधत होते, पिकवणाऱ्याची, खायला घालणाऱ्याची, ती इथे रिकामी नव्हती. तिथे आई बसली होती.

अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके आपल्याला बातम्यांमधून माहीत असतात ते कुपोषणामुळे. मीही इंटर्नशिपमध्ये अशा बातम्यांची प्रुफं वाचलीत. जिथे भूक नुसती बातमी नसते, घरात येऊन गेलेली असते, तिथे माणसं सगळ्यात मोठा पराक्रम कशाला म्हणणार? तलवारीला की कोठीला? आपण रात्री साडेअकराला पोट भरून लॉबीत बसतो, म्हणून आपल्याला तो प्रश्न पडत नाही.

मग गेम कोण बनवणार?

हे वाचून तुमच्यापैकी एखादा कोडिंगवाला म्हणेल, ‘भारी आयडिया, यावर गेम बनवू या!’ बनवता येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ आणला. सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. भारतीय पुराणकथेवरचा, इथेच बनलेला गेम जगभर खेळला जाऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. काठीच्या वाटेवर तो आम्ही मोबाइलवर ट्रेलर लावून बघितला. रेंज जाईपर्यंत.

पण मित्राने एक अट घातली, ती तुमच्यापर्यंत पोहोचवते. बुध्याचा टोप आणि राख घेऊन कुणी एक स्किन बनवली आणि विकली, तर त्याला तो गेम नको आहे. बनवायचा तर त्यात पालनी आली पाहिजे. आणि बनवणाऱ्यांत सातपुड्यातलं कुणीतरी असलं पाहिजे, नुसतं ‘थँक्स’च्या यादीत नाही, टेबलावर बसलेलं. ‘आणि हीलरला मॅचचा हायलाइट मिळायला हवा,’ असं तो शेवटी म्हणाला आणि हसला. फोटोवर न आलेला तो इमोजी मला बहुतेक तेव्हा मिळाला.

तुमच्या ग्रुपमध्येही असा कुणीतरी असेल. रोज तिसरी भूमिका घेणारा, काही न बोलता. गेममध्ये असेल, प्रोजेक्टमध्ये असेल, रूमवर सगळ्यांसाठी डबा लावून येणारा असेल. होळीला, जत्रेला, कुठल्याशा पूजेला तो चार दिवस गायब झाला, तर परत आल्यावर त्याला विचारा, कुठे होतास. आणि विचारल्यावर ऐकून घ्या. मी हे एक वर्ष उशिरा केलं.

परवा रात्री पुन्हा लॉबी उघडली. ‘मी टँक.’ ‘मी डॅमेज.’ मग ती दोन सेकंदांची शांतता. तो ‘द्या मला’ म्हणायच्या आत मी सपोर्टवर क्लिक केलं.

आम्ही वाईट हरलो. तीनदा माझ्याच डोळ्यांसमोर टँक मेला आणि मला कळलंच नाही पट्टी कुणाची आधी भरायची. कॉलवर दोघं चिडले होते. तो मात्र म्हणाला, ‘आधी सगळ्यांकडे बघायला शीक. बटण नंतर.’

आज रात्री परत बसणार आहोत. सपोर्ट मीच घेणार.